ग्रॅनाइट कापताना धूळ: हुड असूनही का उडते?

प्रश्न: ग्रॅनाइट कापणाऱ्या शेडमध्ये मी सुपरवायझर आहे. धूळ ओढून घेणारा हुड बसवलाय, त्याचा पंखा जोरात चालतो, मास्कही देतो. तरी उन्हाची तिरीप आत आली की धुळीचा पडदा दिसतो. हाताखाली सहा माणसं आहेत, रात्री झोप लागत नाही. काय चुकतंय?

उत्तर १: हुड पात्यापासून किती लांब आहे? हुडच्या तोंडापासून त्याच्या पाइपच्या एका व्यासाइतकं लांब गेलं की ओढीचा वेग जेमतेम दहावा हिस्सा उरतो. पंखा बदलू नका, हुड जवळ आणा.

उत्तर २: आणि पात्यावर सतत पाणी सोडा. दिसते तिच्यापेक्षा न दिसणारी धूळ वाईट. ग्रॅनाइटमधल्या सिलिका या खनिजाचे अगदी बारीक, काही मायक्रॉनचे कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात. त्यातून होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही हो. माझा जोडीदार जिना चढताना दोनदा थांबतो.

प्रश्नकर्ता: हुड दोन हात लांब आहे! शिवाय शिफ्ट सुटताना सगळे कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकतात.

उत्तर २: ते आजच बंद करा. कोरडा झाडूही नको. ओलं पुसा किंवा हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळही अडवणारा) व्हॅक्यूम वापरा. दाढीवर मास्क घट्ट बसत नाही, तेही बघा.