मदत हवी आहे: स्टिअरिंग जड झालंय, पंप बदलण्याआधी प्रेशर तपासायचंय

नमस्कार मंडळी,

गाडी २०११ ची डिझेल सात-सीटर, स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे पंपाच्या ऑइल-प्रेशरवर चालणारं. (इलेक्ट्रिक नाही, तेव्हा 'स्कॅनर लावा' हा सल्ला बाद.) हायवेला काही त्रास नाही, पण पार्किंगमध्ये जागेवर वळवायचं म्हणजे दोन्ही हातांचं काम. जरा रेस दिली की लगेच हलकं होतं. पूर्ण लॉकला (एका बाजूला शेवटपर्यंत) नेलं की पंप कण्हतो.

टायरची हवा बरोबर, बेल्ट नवा आणि ताणलेला, ऑइल गरम असताना 'हॉट'च्या खुणेवर, फेस नाही, रॅकच्या (चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याच्या) रबरी बुटात ओल नाही. एक मेकॅनिक बॉनेट उघडताच म्हणाला, "पंप गेला." दुसरा म्हणतो पंप ठणठणीत, रॅकचे सील गेलेत. प्रेशर गेज मात्र दोघांपैकी कोणीच लावलं नाही! अंदाजाने पार्ट बदलत बसायची माझी तयारी नाही.

नुसतं गेज चालेल का? आकडा किती यायला हवा? आणि नाशिकला हे मिळेल कुठे?

प्रतिसाद:
नुसतं नको, पुढे व्हॉल्व्ह असलेलं घ्या. पंपातून निघालं की आधी गेज, मग व्हॉल्व्ह, मग रॅक. उलटं लावलंत तर व्हॉल्व्ह बंद केल्यावर पंपाचं प्रेशर गेजला दिसणारच नाही.

स्टिअरिंगच्या ऑइलमधली हवा काढा, ऑइल गरम होऊ द्या. इंजिन आयडलिंगला, चाकं सरळ, व्हॉल्व्ह उघडा: प्रेशर अगदी कमी दिसेल. मग व्हॉल्व्ह बंद करा, आकडा वाचा, लगेच उघडा. पाच सेकंदांच्या वर बंद ठेवलात तर चांगला पंपही जळू शकतो. आता व्हॉल्व्ह उघडा ठेवून स्टिअरिंग पूर्ण लॉकला क्षणभर धरा. बंद असताना भरपूर आणि लॉकला कमी, म्हणजे रॅक आतून गळतोय. बंद असतानाही कमी, तर पंप किंवा त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा). नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचाच धरा. बऱ्याच गाड्यांत ७० ते १०० बारच्या आसपास असतो, त्यामुळे गेज १५० बारच्या खालचं नको. बँजो बोल्टला (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) कॉपर वॉशर नवेच टाका.

जेसीबीचे होज क्रिम्प करून देणाऱ्यांकडे गेज आणि ॲडॅप्टर दोन्ही असतात. अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत विचारा.

प्रतिसाद:
गेजच्या आधी ऑइलच्या डब्याच्या तळाची जाळी बघा. ती गाळाने चोंदली की पंपाला ऑइल ओढता येत नाही आणि तो असाच कण्हतो. रेस दिल्यावर हलकं होतंय, म्हणजे माझा संशय रॅकपेक्षा पंपाच्या बाजूवर जास्त आहे.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. डबा कधीच उतरवलेला नाही, तो रविवारी उतरवतो. ॲडॅप्टरसाठी आटे मोजून नेऊ, की जुना बँजो बोल्टच दुकानात दाखवला तर चालेल?