बिबट्याला गोळी घालून मराठवाड्यातले हल्ले थांबतील का?

बालाघाटकर:
आमच्या भागात परत बिबट्या दिसलाय आणि परत तीच मागणी सुरू झालीय, गोळी घाला. माझा याला विरोध आहे, कुणाला राग आला तरी चालंल. जंगल तुटलं म्हणून बिबट्या गावात आला असं सगळेच म्हणायलेत, पण आपल्याकडं जंगल होतंच किती, लातूर जिल्ह्यात तर एक टक्का बी नाही. गेली ती गायरानं, माळरानं, ओढ्याकाठची झाडी, अन त्यासंगं ससे-हरणं बी कमी झाली. त्याच काळात कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला. वर्ष-दीड वर्ष उभा राहणारा ऊस, आत गारवा, बाहेर वस्तीवरची कुत्री अन शेळ्या, मादी तिथंच पिल्लं घालते. नगरकडं अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय अन त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली तर खाण्यात सगळ्यात जास्त कुत्री निघाली, वजनाच्या हिशोबानं ३९ टक्के. बिबट्या शेकडो माणसांच्या मधी राहतो अन बहुतेक वेळा कुणाला कळत बी नाही. मग हल्ला कधी होतो? पिल्लं जवळ असली, गर्दीनं घेरलं, जखमी असला, नाहीतर अंधारात माणूस खाली वाकलेला असला तवा. मोटारीची थ्री फेज लाईट रात्रीची असल्यावर शेतकरी दारं धरायला, म्हंजे पिकाला पाणी द्यायला, रात्रीच जाणार ना, वाकूनच काम करणार. म्हणून आधी दिवसा लाईट द्या.

सीनाकाठ:
भाऊ, नोव्हेंबर २०२० मधी आष्टी तालुक्यात काय झालं ते विसरलात का? माणसं गेली, लेकरू गेलं. दिवस मावळायच्या आत दारं बंद, कापूस झाडाला तसाच, रब्बीला पाणी नाही. १८ डिसेंबरला करमाळा तालुक्यात त्या बिबट्याला गोळी घातली तवा कुठं लोकं शेतात गेली. आता सरकार २५ लाख देतंय म्हणं, पण घरचा कर्ता माणूस येतो का माघारी? कुत्री किती टक्के खातो हे ज्याच्या घरात मयत झालंय त्याला सांगून बघा. गाय मारली तर आम्ही सोसतो, माणूस मारल्यावर कामून सोसावं?

ऊसतोडीची लेक:
दादा, तुमचं दिवसाच्या लाईटचं पटतंय पण ती झाली बागायतदाराची गोष्ट. आमच्या टोळीचं कोण बोलणार? माझे आई-बाप धारूरकडून कारखान्याला जायचे. कोपी म्हंजे आमची झोपडी उसाच्या फडाला खेटून, वरून पाचट अन ताडपत्री, दाराला जुनं लुगडं. पहाटं अंधारातच आई कोयता घेऊन फडात जायची अन धाकटा भाऊ बांधावर गोधडीत झोपलेला, त्याच्याजवळ मी. संडासला जायचं तर उसाच्याच कडंला, ते बी अंधारात. बिबट्याला वाकलेली बाई अन झोपलेलं लेकरू असंच दिसतं ना मग? तोड चालू झाली की त्याचं लपण दिवसागणिक कमी होतं, मादी पिल्लं घेऊन राहिलेल्या तुकड्यात सरकते, अन शेवटच्या तुकड्यात आमचीच माणसं कोयता घेऊन शिरतेत. गोळी घाला नाहीतर घालू नका, आमची कोपी फडापासून लांब, मोकळ्या रानात, लाईटच्या खांबाजवळ टाकू द्या की. मुकादम म्हणतो फडाजवळच रहा, वेळ जातो.

गौताळा भटक्या:
ताईंशी शंभर टक्के सहमत. सीनाकाठ भाऊ, तुमचं दुःख खरं आहे, पण गोळीच्या खालोखाल जी मागणी असते ना, पिंजरा लावा अन लांब नेऊन सोडा, तिनं तर जुन्नरकडं उलटा परिणाम झालाय. २००१ नंतर तिथं धरलेले बिबटे दुसरीकडं सोडले अन हल्ले वाढले. नव्या मुलखात जनावर बिथरतं, अन इकडं रिकाम्या जागेवर दुसरा बिबट्या येऊन बसतो. जनावर किती लांबून येतं ते बघायचं तर धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी अभयारण्यातला वाघ बघा, २०२४ च्या शेवटी यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत इथपर्यंत आला. एवढी वाट शेतं अन रस्ते ओलांडून. त्यानं जनावरं मारली, त्याची भरपाई लगेच द्यायलाच पाहिजे, उशीर झाला की लोकं विष घालतेत अन ते मला जास्त भ्या वाटतं.

सीनाकाठ:
म्हंजे गोळी बी नको, पिंजरा बी नको. मग आम्ही करायचं काय, फटाके वाजवत बसायचं?

बालाघाटकर:
माणसावर सारखा टपलेला असंल तर मी बी गोळीच्या आड येणार नाही भाऊ. वन्यजीव कायद्यात, १९७२ च्या, कलम ११ मधी ती सोय आहेच, धरणं-बेशुद्ध करणं जमलं नाही तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देतेत. माझं भांडण ‘दिसला की मारा’ याच्याशी आहे. चुकीचा बिबट्या मेला तर हल्ला करणारा तसाच फिरतो अन लोकं बिनधास्त होऊन रात्री रानात जातेत, त्यात पुढचा जीव जातो. ग्रामसभेत ठराव घेऊ, दिवसा लाईट, उसाजवळच्या वस्तीला पक्का गोठा, अन ताईंनी सांगितलेलं कोप्यांचं पण टाकू.

सीनाकाठ:
ठराव आम्ही बी दिला होता, पोच घेतली, अन लाईट अजून रात्रीचीच आहे. तुम्ही ठराव घ्या, मी सही करतो. पण ज्या दिवशी आमच्या वस्तीवर माणूस जाईल त्या दिवशी मी परत गोळीच मागणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.