शब्दचर्चा : फायब्रॉइडच्या माहितीपत्रकात ‘वृद्धी घटक’ चालेल का?

दादरकर : फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातल्या गाठीवरच्या एका माहितीपत्रकाच्या मराठी मसुद्यात हे वाक्य आहे : ‘संप्रेरक उपचारामुळे अर्बुदातील वृद्धी घटक प्रथिने कमी होऊन अर्बुद विरघळते.’ परळच्या ओपीडीत नंबर लावून बसलेल्या बाईला यातून काय कळेल? शब्द सुचवा.

सूक्ष्मदर्शी : ‘अर्बुद’ आधी काढा. कोशात बरोबर आहे, पण ‘कर्करोग’ ऐकल्यासारखा धसका बसतो आणि फायब्रॉइड हा कर्करोग नव्हे. सगळ्या बायका ‘पिशवीतली गाठ’ म्हणतात, तेच लिहा. ‘तंतुगाठ’ही अर्धवटच : मुळात गाठ गुळगुळीत स्नायूंच्या पेशींची, कोलॅजन या चिवट प्रथिनाचे तंतू त्यांच्याभोवती साचत जातात. म्हणून ती घट्ट लागते आणि कापली की आत पांढरट, भोवऱ्यासारखे पदर दिसतात.

आता ‘वृद्धी घटक’, म्हणजे इंग्रजीतला ग्रोथ फॅक्टर. ‘वृद्धी’ म्हणजे घराघरांत सोयर. आणि ‘घटक’ म्हणजे ज्यापासून वस्तू बनते तो भाग. इथे तसं काही नाही. एका पेशीने शेजारणीला धाडलेला ‘वाढ’ असा निरोप, एवढंच त्याचं काम. म्हणून ‘वाढकारक’. उदाहरणार्थ टीजीएफ-बीटा ३ : शेजारच्या निरोगी स्नायूपेक्षा गाठीत तो जास्त सापडतो आणि पेशींना कोलॅजन बनवायला लावतो.

समुपदेशन_परळ : ‘वाढकारक’ पटला. ‘प्रथिने कमी होऊन’ मात्र धोक्याचं आहे. प्रथिनं म्हणजे डाळ, अंडी, दूध असंच वाचलं जातं. महिनोन्‌महिने अंगावरून जास्त जाऊन जिचं हिमोग्लोबिन आधीच उतरलंय, तिने हे वाचून डाळ-अंडी सोडली तर नुकसान तिचंच. ‘गाठीतच तयार होणारे वाढकारक’ लिहा, आणि खाली एक ओळ द्या : याचा जेवणातल्या प्रथिनांशी संबंध नाही.

दादरकर : आणि ‘संप्रेरक (हार्मोन) उपचार’?

सूक्ष्मदर्शी : सगळ्यात मोठी चूक तिथे आहे. हे शब्द वाचून संप्रेरकं ‘देतात’ असं वाटतं, जशी पाळी गेल्यावर देतात. इथे दिल्या जाणाऱ्या ल्युप्रोलाइड या औषधाचं काम उलटं. ३.७५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन महिन्यातून एकदा. औषध सतत येत राहिलं की अंडाशयाला हुकूम देणारी मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी प्रतिसाद देईनाशी होते, आणि अंडाशयातून इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन येणं थांबतं. दोन्ही लिहा, कारण वाढकारक बनवायला प्रोजेस्टेरॉनही लावतं. नाव द्या ‘संप्रेरकं थांबवणारा उपचार’. ‘डेपो इंजेक्शन’ही तसंच ठेवू नका, मुंबईत डेपो म्हटलं की बेस्टची बसच आठवते. ‘महिनाभर सावकाश सुटणारं इंजेक्शन’ म्हणा.

समुपदेशन_परळ : ‘विरघळते’ नको. ‘जिरते’ही नको, जिरली म्हणजे कायमची गेली असं वाटतं. ‘आटते’ घ्या, विहिरीचं पाणी आटतं तसं. तीन महिन्यांत गाठीचं आकारमान साधारण एक तृतीयांश ते निम्म्याने कमी होतं. इंजेक्शन बंद झालं की काही महिन्यांत ती पुन्हा भरते. पेशी तिथेच असतात, फक्त निरोप थांबलेला असतो. शस्त्रक्रियेआधी आकार आणि रक्तस्राव कमी करायला हा उपचार म्हणूनच देतात. हाडं विरळ होत असल्याने नुसतं हे इंजेक्शन सहा महिन्यांपलीकडे सहसा नेत नाहीत.

दादरकर : मग असं : ‘संप्रेरकं थांबवणाऱ्या इंजेक्शनमुळे गाठीतच तयार होणारे वाढकारक कमी होतात आणि गाठ आटते. इंजेक्शन बंद केल्यावर ती पुन्हा वाढू शकते.’

सूक्ष्मदर्शी : ठीक. याच्या लगेच खाली ठळक टाका : ‘पहिल्या एक-दोन आठवड्यांत संप्रेरकं आधी वाढतात, त्यामुळे रक्तस्राव वाढू शकतो. दर तासाला पॅड भिजत असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता यावे.’ ही ओळ नसली, तर औषध उलटलं असं वाटून दुसऱ्या इंजेक्शनला बाई येतच नाही.