पिवळ्या बाजूवर तीनच कडा जुळतात, चौथी काही केल्या येत नाही

विश्रामबागकर (सांगली)

दिवाळीच्या सुट्टीत कऱ्हाडहून आलेला भाचा जाताना आपला रुबिक क्यूब आमच्याकडेच विसरून गेला, आणि ‘बघू तरी’ म्हणून हातात घेतलेला तो ठोकळा गेले तीन आठवडे मला सोडत नाही. वय ५४ असल्यामुळे घरात थोडी थट्टा होते, ती मी सोसतो. पांढरी बाजू आणि तिच्याभोवतीचा पहिला थर जुळवणे, मग मधल्या थराच्या चार कडा आपापल्या जागी बसवणे, एवढे आता वही न उघडता जमते. अडचण शेवटच्या थरात आहे. पिवळी बाजू वर धरून तिच्यावर फुली तयार करण्यासाठी जे सूत्र सांगतात (समोरची, उजवी, वरची, उजवी उलट, वरची उलट, समोरची उलट), ते मी शंभरेक वेळा केले असेल. पण वर कधी तीन कडा पिवळ्या दिसतात, कधी एकच, चारही एकदम कधीच येत नाहीत.

माझे सूत्र करताना नेमके काय चुकत असावे? आणि दुसरे असे की, अर्थ न कळता अशी सूत्रे घोकण्याला शिकणे म्हणावे का?

अजिंक्यतारा (सातारा)

आपले सूत्र बरोबर आहे. चूक क्यूबमध्ये आहे, आणि ती कोणाच्या तरी हातून झालेली आहे.

आपण ‘कधी तीन, कधी एक’ असे लिहिले आहे, त्यातच उत्तर आहे. खालचे दोन्ही थर जुळलेले असताना वरच्या बाजूला पिवळ्या कडा शून्य, दोन किंवा चारच दिसू शकतात. म्हणजे नुसता मधला ठिपका, कोन किंवा रेघ, नाहीतर पूर्ण फुली. प्रत्येक कडेला दोन रंग असल्यामुळे ती आपल्या जागी सुलटी बसते किंवा उलटी. सुलटे-उलटे मोजण्याची अशी एक पद्धत ठरवता येते की समोरची किंवा मागची बाजू पाव फेरा फिरवली असता तिच्यावरच्या चारही कडांची अवस्था बदलते, आणि बाकीच्या चार बाजू फिरवल्या असता एकाही कडेची बदलत नाही. चारांची अवस्था एकदम पालटली की उलट्या कडांची संख्या सम असल्यास समच राहते. जुळलेल्या क्यूबमध्ये ती शून्य असते, म्हणून नुसत्या फिरवण्याने ती कधीही एक किंवा तीन होणार नाही. तशी ती झाली असेल, तर एखादी कड बाहेर निघून उलटी बसवली गेली आहे.

क्यूब सुटा करून तुकडे डोळे मिटून बसवले, तर तो जुळण्यासारखा होण्याची शक्यता बारात एक असते. कोपऱ्यांच्या पिळाचे तीन प्रकार, कडांच्या उलटेपणाचे दोन आणि तुकड्यांच्या अदलाबदलीचे दोन, यांचा गुणाकार बारा होतो. क्यूबच्या सुमारे ४३ वर १८ शून्ये इतक्या अवस्था सांगतात, त्या या बारांपैकी एकाच कुळातल्या आहेत.

उपाय सोपा आहे. वरचा थर अर्धवट, म्हणजे ४५ अंश फिरवून ठेवावा आणि त्यातली चुकीची कड अंगठ्याने किंवा चमच्याच्या दांड्याने हळूच वर उचलून, उलटी करून पुन्हा दाबून बसवावी. मात्र ज्याने एक कड चुकवली त्याने आणखी काही चुकवले नसेल याची खात्री नसते. वेळ असेल तर सगळे तुकडे काढून, रंग पाहून, क्यूब जुळलेल्या स्थितीतच पुन्हा उभा करणे अधिक चांगले. आधी भाच्याला फोन करून पाहा.

तंबोरा (मिरज)

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण पहिल्यावर आता बोलण्यासारखे काही उरले नाही. आमच्या गावात तंतुवाद्ये घडतात आणि घरोघरी रियाज चालतो, त्यामुळे घोकण्याचा मला तिटकारा नाही. पलटे घोटल्याशिवाय राग समजून घेता येत नाही. क्यूबचेही मला तसेच वाटते. सूत्र बोटांत बसले की मन मोकळे होते आणि मगच डोळे एखाद्या तुकड्याचा प्रवास पाहू लागतात. माझी तक्रार घोकण्याबद्दल नसून, सूत्र एका दमात करून थेट शेवटचे चित्र पाहण्याच्या सवयीबद्दल आहे. जुळलेला क्यूब हातात घेऊन ‘उजवी, वरची, उजवी उलट, वरची उलट’ ही चार वळणे सावकाश करावीत, एकाच कोपऱ्यावर नजर ठेवावी, आणि तीच चार वळणे पुन्हा करीत राहावे. सहाव्या आवर्तनाला क्यूब जसाच्या तसा परत येतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की सूत्राची भीती जाते.

एक गोष्ट बहुतेक नवशिके चुकवतात: ‘सुलट’ म्हणजे त्या त्या बाजूकडे तोंड करून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. डावी किंवा खालची बाजू समोरून पाहून फिरवली की दिशा नेमकी उलटते.

वयाचे म्हणाल, तर १९७४ मध्ये बुडापेस्टला हा ठोकळा तयार करणारे एर्नो रुबिक वास्तुरचना शिकवीत होते आणि त्यांना स्वतःला तो पहिल्यांदा जुळवायला सुमारे महिना लागला होता. आपले तीनच आठवडे झाले आहेत, आणि तेही बिघडलेल्या क्यूबवर. कोणतीही अवस्था २० वळणांत सुटते असे २०१० मध्ये सिद्ध झाले, पण ते काम संगणकांनी केले होते. त्याच्याशी आपली तुलना करू नये.

विश्रामबागकर (सांगली)

भाच्याने कबुली दिली. क्यूब जड फिरतो म्हणून त्याने तो उघडून आत खोबरेल तेल घातले होते आणि परत जोडण्याचे काम धाकट्या बहिणीकडे सोपवले होते.

मी आळस करून एकच कड उलटवली. फुली लगेच तयार झाली, पुढे कडा आणि कोपरेही आपापल्या जागी आले. दोन कोपऱ्यांचे पिवळे तोंड तेवढे बाजूला होते. त्यांच्यासाठी ‘उजवी उलट, खालची उलट, उजवी, खालची’ हे आवर्तन पहिल्या कोपऱ्याला चार वेळा केले, नुसता वरचा थर फिरवून दुसरा कोपरा त्याच जागी आणला आणि त्यालाही चार वेळा केले. वरची बाजू पूर्ण पिवळी झाली, पण खालचे थर विस्कटलेलेच राहिले. क्यूब हातात वळला नव्हता, याची मला खात्री आहे.

अजिंक्यतारा (सातारा)

धाकट्या बहिणीने एक कोपराही पिळून बसवला आहे. या आवर्तनात खालचे थर मधेच विस्कटलेले दिसणे स्वाभाविक असते, आणि त्या क्षणी घाबरून अनेकजण हात थांबवतात. पण सगळ्या कोपऱ्यांची मिळून आवर्तने सहाच्या पटीत झाली की खालचे थर आपोआप परत येतात. निर्दोष क्यूबमध्ये बेरीज नेहमी सहाच्या पटीतच येते. आपली आठ आली आहे. वरचा थर न हलवता त्याच दुसऱ्या कोपऱ्याला आणखी चार वेळा करा, म्हणजे बारा होतील. खालचे थर जागेवर येतील आणि तेवढा एक कोपरा पुन्हा चुकीचा दिसेल. मग वरचा थर सरळ रेषेत आणून, तो कोपरा बोटांत धरून जागच्या जागी पिळा. तो खट् आवाज करून फिरतो. ही लबाडी नव्हे, दुरुस्ती आहे.

आणि ते खोबरेल तेल पुसून टाका. थंडी पडली की ते गोठेल.