गॅलरीतला रेक्स बेगोनिया बुडापासून मऊ पडतोय, माती चुकतेय की पाणी?

घोडबंदर_गॅलरी
घोडबंदर रोड, सोळावा मजला, गॅलरी पश्चिमेला. दुपारी दोननंतर थेट ऊन येतं आणि पावसाळ्यात वाऱ्याबरोबर झड आत येते. बेगोनिया तीन: एक रेक्स, एक ठिपकेवाल्या लांब पानांचा उंच वाढणारा, एक बारमाही फुलणारा छोटा. सगळे ८ इंची प्लास्टिक कुंड्यांत, नर्सरीची लाल माती आणि शेणखत निम्मंनिम्मं. पाणी एक दिवसाआड. जुलैपासून रेक्स बुडाशी मऊ पडला. उंच झाडाची खालची पानं पिवळी होऊन गळतात. रेक्स एसीच्या खोलीत नेला तर चालेल का?

पानांचा_राजा
माती आणि पाणी दोन्ही, पण आधी माती. लाल माती पावसाळ्यात दबून घट्ट होते आणि मुळांना हवा मिळत नाही. रेक्सची मुळं बारीक, वरच्या तीन-चार इंचांत पसरणारी. त्याला ८ इंच खोल कुंडी दिली की खालची माती कधी सुकतच नाही.

आज कुंडी उपडी करा. रेक्सचं जाड, आडवं खोड बोटाने दाबून बघा. मऊ, तपकिरी, वास येणारा भाग स्वच्छ ब्लेडने कापून टाका. आतला गर फिकट हिरवा आणि टणक दिसेपर्यंत कापत जा आणि दर कापानंतर ब्लेड स्पिरिटने पुसा. उरलेला तुकडा चार-पाच तास सावलीत सुकू द्या.

मिश्रण असं करा: धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) २ भाग, पानांचं कुजलेलं खत १ भाग, परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) १ भाग, गांडूळखत अर्धा भाग. कोकोपीट साध्या पाण्यात दोनदा भिजवून पिळायचंच, त्यातल्या क्षारांनी पानांच्या कडा करपतात. परलाइट नसेल तर विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे चालतात. कुंडी ५-६ इंच रुंद आणि ४ इंच खोल, परडीसारखी. खोड पुरायचं नाही, निम्मं मातीच्या वर उघडं राहू द्या. इथेच बहुतेकांचं चुकतं.

पाण्याला वार ठरवू नका. बोटाचं पहिलं पेर मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. जुलै-ऑगस्टमध्ये हे अंतर पाच-सहा दिवसांवरही जातं. ताटलीत साठलेलं पाणी लगेच ओता.

वाशी_हिरवळ
एसीबद्दल: तापमान चालतं, थेट झोत चालत नाही. झोतात दोन-तीन दिवसांत पानांच्या कडा कुरकुरीत होतात. खिडकीपासून तीन-चार फुटांवर, उजेड भरपूर पण ऊन नाही अशी जागा द्या. पानांवर पाण्याचा फवारा मात्र मारू नका. आपल्याकडे पावसाळ्यात हवेत ओलावा कमी नसतो, आणि ओल्या पानांवर जिवाणूंचे पाणचट डाग पटकन पसरतात. तसं पान दिसलं की देठासकट काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही.

हिवाळ्यात दुसरा त्रास, भुरी. रात्री गार, दिवस उबदार आणि हवा कोंडलेली असली की पानांवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं. कुंड्यांत किमान एक वीत अंतर ठेवा, लागण झालेली पानं काढा. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी. आधी एका पानावर मारून दोन दिवस बघा, आणि उन्हाळ्यात अजिबात नको, पानं भाजतात.

उंच झाडाची एखाद-दोन जुनी पानं गळणं साहजिक आहे. एकदम पाच-सहा गळली तर माती सतत ओली आहे किंवा उजेड कमी पडतोय. त्याला सकाळचं कोवळं ऊन आवडतं, तुमचं दुपारचं नाही. पश्चिमेला ५० टक्क्यांची शेडनेट बांधा आणि झाड भिंतीकडे सरकवा. पाऊस ओसरला की उंच फांद्या खालची दोन-तीन पेरं ठेवून छाटा, बगलेतून नवे फुटवे येतात.

येऊर_पायथा
ठाण्यातल्या येऊरच्या जंगलात पावसाळ्यात ओल्या कातळावर जंगली बेगोनिया उगवतो. त्याच्या मुळाशी मूठभर माती, अंगावर धो धो पाऊस, तरी कुजत नाही, कारण पाणी थांबतच नाही. कुंडीत नेमकं हेच साधायचं असतं. (ती झाडं उपटून आणू नका, येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.)

मातीच्या कुंडीबद्दल एक गोष्ट: पावसाळ्यात ती उत्तम, पण एप्रिल-मेमध्ये तुमच्या पश्चिम गॅलरीत ती तासांत सुकते, तेव्हा प्लास्टिकच बरी. खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं) लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही ओल्या मातीवर. कुजलेल्या मुळांच्या झाडाला नवं पान फुटेपर्यंत खत देऊच नका.

डिसेंबर-जानेवारीत नर्सरीत गुलाबासारख्या दाट फुलांचा बेगोनिया मिळतो. तो गार हवेचा आहे. मार्चनंतर टिकवायच्या मागे लागू नका, हंगामी फूल म्हणूनच घ्या.

घोडबंदर_गॅलरी
कुंडी उपडी केली. दोन इंचाचा टणक तुकडा हाती लागलाय, दोन पानं शाबूत. पानांपासून रोप होईल का?

पानांचा_राजा
होतं. एकच पान घ्या, दुसरं खोडावर राहू द्या, त्याला अन्न लागेल. देठ काढा, पानाचे त्रिकोणी तुकडे करा, प्रत्येकात एक जाड शीर हवी. शिरेचं देठाकडचं टोक खाली करून पाव इंच ओलसर कोकोपीटमध्ये खोचा. पारदर्शक डब्यात झाकून उजेडात ठेवा, उन्हात नको. दिवसातून एकदा पाच मिनिटं झाकण उघडा, नाहीतर बुरशी धरते. तीन-चार आठवड्यांत मुळं, दीड-दोन महिन्यांत चिमुकली पानं. ती नाण्याएवढी झाल्याशिवाय कुंडीत हलवू नका.