शनवार तेली ते दिमोना

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, 'आपल्या देशात', इस्रायलला गेले आणि प्रश्न मिटला, असं कुणी कुणी म्हणतं. इतकं सोपं नव्हतं हो. कोकणात शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून ते शनवार तेली. गावाने कधी ज्यू असल्याचा दाखला मागितला नाही. (मुंबईतल्या बगदादी ज्यूंनी नाकं मुरडली, ते वेगळं.) दाखला मागितला इस्रायलमधल्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, लग्न लावताना, आजी-पणजीपर्यंतचा! निदर्शनं झाली, धरणं धरलं, तेव्हा कुठे १९६४ मध्ये त्यांना पूर्ण ज्यू मानलं गेलं.

मलिदा, म्हणजे त्यांचा नैवेद्याचा विधी, मात्र सुटला नाही. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सोबत फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं नाव. इस्रायलमधल्या दिमोना गावातही ताट तेच, आणि ताटाभोवती पेणकर, रोहेकर, किहीमकर.