संवेदन की संवेदना? वनस्पतींबद्दल लिहिताना

प्रश्न : एका विज्ञानलेखाच्या अनुवादात ‘वनस्पतींना संवेदना असतात’ असे वाक्य आले आहे. ते ठेवावे का? पुढे ‘संवाद’ आणि ‘बुद्धी’ही आहेत.

उत्तर : ‘संवेदना’ टाळा. कुणी गेले की आपण संवेदना व्यक्त करतो. शब्द दुःखाकडे झुकला आहे. ‘संवेदन’ म्हणजे बाहेरचा बदल टिपणे, तेवढेच इथे हवे. व्हीनस फ्लायट्रॅप या किडे पकडणाऱ्या वनस्पतीच्या पानातल्या केसाला एकदा धक्का लागला तर पान सहसा मिटत नाही. साधारण २० सेकंदांत दुसरा लागला की मिटते. इथे ‘मोजते’ म्हणा, ‘समजते’ नको.

आणखी एक : ‘लाजाळू’च्या तर नावातच भावना आहे! नाव गोडच आहे, ते राहू द्या. खुलासा मात्र नेमका करा. देठाच्या बुडाशी फुगीर गाठ असते. शिवताच गाठीच्या खालच्या पेशींतून पोटॅशियम आणि त्यामागोमाग पाणी बाहेर पडते, पेशी ढिल्या पडतात, देठ खाली येतो. पर्णिकांच्या (पानातल्या छोट्या पानांच्या) गाठींत हेच वरच्या बाजूला घडते, म्हणून त्या वर मिटतात. उघडायला दहा-वीस मिनिटे लागतात. याला ‘अनुवर्तन’ म्हणणे ही नेहमीची चूक. अनुवर्तनात वळण्याची दिशा उद्दीपनावर (उजेड, स्पर्श अशा बाहेरच्या कारणावर) ठरते, जसा उजेडाकडे वळणारा कोंब. लाजाळूला कुठूनही शिवा, पान आपल्या ठरल्या रीतीनेच मिटते. वर्गात दाखवायचे तर सकाळी दाखवा. संध्याकाळी पाने आधीच मिटलेली असतात.

त्यावर : ‘रात्री झाडाला हात लावू नये, ते झोपलेले असते’ असे घरोघरी सांगतात. चिंच, शिरीष यांची पाने खरेच मिटतात. पण ‘अंधारामुळे मिटतात’ एवढेच लिहू नका. १७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळू सतत अंधारात ठेवले, तरी पाने रोजच्या वेळी उघडत-मिटत राहिली. घड्याळ आतच आहे.

‘संवाद’बद्दल : १९९० मध्ये फार्मर आणि रायन या शास्त्रज्ञांनी बंद पेटीत सेजब्रश या उग्र वासाच्या झुडपाच्या फांद्यांशेजारी टोमॅटोची रोपे ठेवली. त्या फांद्यांतून हवेत जाणाऱ्या मिथाइल जॅस्मोनेट या वासाच्या रसायनामुळे टोमॅटोच्या पानांत किडीचे पचन बिघडवणारी प्रथिने वाढली. टोमॅटोने वास टिपला, उलट काही कळवले नाही. म्हणून ‘संकेत’. संवादाला दोघे बोलावे लागतात.

प्रश्नकर्ती : आणि ‘बुद्धी’?

उत्तर : मूळ लेखकाचा तो दावाच असेल तर ‘बुद्धी’च ठेवा, दावा सौम्य करणे अनुवादकाचे काम नाही. नुसते वर्णन असेल तर ‘वर्तन’ पुरते.